रिझर्व्ह टीमचं कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का? मिडफिल्डर मुलाच्या वडिलांना सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला, पण लगेच लिहायला बसलो नाही. असा प्रश्न मला वर्षातून चार-पाच पालक तरी विचारतात आणि घाईत बोललं की दर वेळी काहीतरी महत्त्वाचं राहून जातं. आधी तुमचं म्हणणं मला जसं कळलं तसं मांडतो, चुकत असेल तर सांगा. मुलगा १९ वर्षांचा, फुटबॉलमध्ये सेंट्रल मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मध्यभागी खेळणारा, पुण्यात जिल्हा लीगच्या सुपर डिव्हिजनला दोन सीझन खेळला, एस.वाय. बी.कॉम. चालू आहे. आता एका आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची लीग) क्लबच्या रिझर्व्ह टीमकडून, म्हणजे राखीव संघाकडून, तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, राहणं-खाणं त्यांच्याकडे. दुसरीकडे आय-लीग २, म्हणजे तिसऱ्या पायरीची लीग, खेळणाऱ्या एका लहान क्लबची एका सीझनची ऑफर आहे, पैसे कमी, शहर लांब. रिझर्व्हचे कोच म्हणतात त्याला राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, करू. मधला माणूस म्हणतोय आठ दिवसांत सही करा नाहीतर जागा जाईल. आणि त्याच्या आईचं म्हणणं की डिग्री हातात आल्याशिवाय कुठेच जायचं नाही.

मी कोण ते एवढंच सांगतो की मी स्वतः याच जागी खेळलो, पुण्याच्या लीगमध्ये आणि थोडं बाहेर, गुडघा गेल्यावर कोचिंगकडे वळलो आणि गेली वीसेक वर्षं १४ ते २१ वयाची पोरं माझ्या हाताखालून जातायत. त्यातली काही प्रोफेशनल झाली, बरीच झाली नाहीत. जी झाली नाहीत ती सगळी टॅलेंट कमी होतं म्हणून राहिली नाहीत, हे मी ठामपणे सांगू शकतो, आणि त्यातल्या काहींच्या बाबतीत चूक १८ ते २१ या तीन वर्षांतच झाली होती.

तुम्ही विचारलंय मोठा क्लब की छोटा क्लब. माझ्या मते खरा प्रश्न तो नाहीये. खरा प्रश्न असा की पुढच्या दोन सीझनमध्ये तुमचा मुलगा मोठ्या माणसांविरुद्ध, पॉइंट्सची मॅच असताना, मिडफिल्डला किती मिनिटं खेळणार? बाकी सगळं म्हणजे जर्सी, हॉस्टेल, जिम, इन्स्टावरचा फोटो हे त्याच्यानंतर.

हे मी मिडफिल्डरच्या बाबतीत मुद्दाम जास्त आग्रहाने सांगतोय. विंगर किंवा स्ट्रायकर पोरगा शेवटची पंधरा मिनिटं आत गेला, एक धाव घेतली, एक गोल मारला तरी लोकांच्या नजरेत भरतो. मधल्या पोराचं तसं होत नाही, त्याचं काम पहिल्या मिनिटापासून चालू असतं, समोरचा सहा नंबर, म्हणजे बचावाच्या पुढ्यातला मिडफिल्डर, कुठल्या पायाने वळतो, आपला सेंटर बॅक दबावात आला की बॉल कुठे फेकतो, सत्तराव्या मिनिटाला आपली टीम दमली की खेळ कधी संथ करायचा, हे त्याला खेळता खेळताच कळतं. प्रॅक्टिसमध्ये कोच शिट्टी मारून थांबवतो आणि परत सुरू करतो, मॅचमध्ये कोणी थांबवत नाही. ती नजर प्रॅक्टिस ग्राउंडवर येत नाही हो, कितीही चांगलं हिरवं ग्राउंड असलं तरी.

एक उदाहरण देतो. मी मॅच बघताना खिशात छोटी वही ठेवतो. मधल्या पोरावर दहा मिनिटं नजर ठेवायची आणि बॉल त्याच्या पायाशी यायच्या आधीच्या काही सेकंदांत त्याने मान वळवून मागे बघितलं का, तेवढीच रेघ मारायची. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता, दापोडीकडचा, पाय इतका गोड की बॉल चिकटून राहायचा. १८ व्या वर्षी माझ्या वहीत त्याच्या नावापुढे दहा मिनिटांत सात-आठ रेघा यायच्या. तो एका मोठ्या क्लबच्या राखीव संघात गेला, दीड वर्षाने सुट्टीत आला आणि आमच्याकडून एक फ्रेंडली खेळला. खांदे भरले होते, स्पीड वाढला होता, किट एकदम भारी. रेघा दोन. बॉल यायचा, तो घ्यायचा, मग वळून बघायचा, तोवर अंगावर माणूस. मी विचारलं मॅचेस किती झाल्या, तर म्हणाला सर, दीड वर्षात पूर्ण नव्वद मिनिटं चार वेळा. प्रॅक्टिस रोज, दोन-दोन वेळा. त्या पोराने आळस केला नव्हता, त्याला सवयच राहिली नव्हती. ती वही मी अजून टाकलेली नाही.

आता थोडं गणित. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये १३ टीम होत्या, प्रत्येकीच्या साखळी मॅच २४. तिच्या खालच्या आय-लीगला १२ टीम, २२ मॅच. म्हणजे जो पोरगा सगळ्या मॅच पूर्ण खेळेल त्याला फार तर दोन हजार मिनिटांच्या आसपास मिळतात. एवढंच. आपल्याकडे सीझन मुळातच लहान आहे, त्यामुळे त्यातला अर्धा बेंचवर गेला की भरून काढायला दुसरी जागा नसते. रिझर्व्ह टीमचं तर अजून कमी, त्यांच्यासाठी २०२२ पासून रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग आहे, चांगली गोष्ट आहे, पण तिथे समोर बहुतेक त्याच वयाची पोरं असतात आणि टीम लवकर बाहेर पडली की वर्षातले बरेच महिने नुसती प्रॅक्टिस उरते. म्हणून रिझर्व्ह म्हटलं की पहिलं विचारायचं, कुठकुठल्या स्पर्धा खेळता, मागच्या वर्षी एकूण मॅच किती झाल्या, आणि माझ्या मुलाच्या जागी जो होता तो किती खेळला.

दुसरी अडचण फर्स्ट टीमची. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालत आलेत. क्लब ते चार कुठे वापरतात? स्ट्रायकर, त्याच्या मागचा खेळवणारा दहा नंबर, एखादा मिडफिल्डर, एखादा सेंटर बॅक. म्हणजे मैदानाचा जो मधला कणा आहे तिथेच बाहेरचे लोक बसतात आणि आपल्या पोरांना मिळतात त्या कडेच्या जागा, फुलबॅक, विंग, किंवा मग धावपळ करणारा आठ नंबर. यात क्लबला दोष देऊन उपयोग नाही, त्यांना रविवारची मॅच जिंकायची असते. पण आपण हे माहीत असूनच आत जायला पाहिजे. कोच तुमच्या मुलाला राइट बॅक का म्हणतोय याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

त्या राइट बॅकबद्दल. लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. जर्मनीचा किमिच लाइपझिगला मिडफिल्डर होता, बायर्नने त्याला बरीच वर्षं राइट बॅक खेळवला आणि मग तो परत मध्ये आला, तोवर त्याला कडेवरून अख्खं मैदान वाचता यायला लागलं होतं. आपल्या पुण्याचा जय गुप्ता बघा, लेफ्ट बॅक, पोर्तुगालला जाऊन खेळून आला, २०२३ मध्ये एफसी गोवाकडे आणि २०२४ मध्ये भारताकडून उतरला. फुलबॅक होणं म्हणजे कमीपणा अजिबात नाही. फक्त मुलाचं शरीर आणि स्वभाव बघा. तो सलग स्प्रिंट मारू शकतो का, एकास एक हरला की डोकं खाली घालतो का, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला काय वाटतं. माझा अनुभव असा की ज्या पोराची ताकद जवळच्या जागेत तीनशे साठ अंशात खेळण्याची आहे, त्याला टचलाइनला लावलं की पाठीशी रेषा येते, निम्मं मैदान जातं, आणि तो साधारण दर्जाचा बॅक होऊन बसतो. ज्याची ताकद धाव आणि दम आहे तो मात्र तिथे फुलतो. व्हिडिओ बघितल्याशिवाय मी यापेक्षा जास्त सांगू शकत नाही. कोचला एवढं विचारा की राइट बॅक म्हणजे कायमचा की आठवड्यात दोन प्रॅक्टिस मध्येही होतील.

मिनिटांचं महत्त्व मी माझ्याच मनाने सांगत नाहीये. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप आठवा, आपल्या देशात झाला होता, नवी मुंबईला मॅच बघायला इथून कितीतरी लोक गेले होते. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने हेडर मारला तो फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल. त्या बॅचला नंतर इंडियन अ‍ॅरोज नावाने एकत्र ठेवून थेट आय-लीग खेळवली, १७-१८ वर्षांची पोरं आणि समोर तीस वर्षांचे परदेशी सेंटर बॅक. मॅच हरायची, पण खेळायची. त्यातून सुरेश सिंग बंगळुरूला गेला, अपुया नॉर्थईस्टला आणि तिथे कोवळ्या वयात कॅप्टन झाला, पुढे मुंबई सिटी, मोहन बागान. जीक्सनला तर केरळा ब्लास्टर्सने घेतलं आणि लगेच लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, परत अ‍ॅरोजकडेच पाठवलं, कारण तिथे तो खेळणार होता. अ‍ॅरोज २०२२ मध्ये बंद झाली आणि ती एक वाट संपली याचं मला अजून वाईट वाटतं.

बाहेरचं एकच सांगतो. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच लहान चणीचा म्हणून त्याला आधी नाकारलं होतं, मग दिनामो झाग्रेबने त्याला १८ व्या वर्षी बोस्नियाच्या लीगमध्ये लोनवर पाठवलं, जिथे दणदणीत मारामारीचा फुटबॉल चालायचा. त्या सीझनला तो तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दिनामोचा किट घालून झाग्रेबला नुसता बसला असता तर काय झालं असतं कोणास ठाऊक.

म्हणून लहान क्लबची ऑफर नुसते पैसे कमी म्हणून बाजूला टाकू नका. आता कोणी म्हणेल की मग सरळ लहान क्लबच घे, तर तसंही नाही. हे खरंच परिस्थितीवर आहे. आयएसएल क्लब जर त्याला दुसऱ्या वर्षी लोनवर पाठवायला लेखी तयार असेल तर दोन्ही गोष्टी साधतात, चांगला फिजिओ, चांगलं जेवण, आणि मिनिटंही. लहान क्लबचा कोच जर फक्त लांब बॉल मारणारा असेल आणि मिडफिल्डरच्या डोक्यावरूनच बॉल जाणार असेल तर नव्वद मिनिटं मैदानात असून उपयोग काय? त्या क्लबच्या दोन पूर्ण मॅच बघा, यूट्यूबवर सापडतात बऱ्याचदा, आणि मोजा की त्यांच्या सेंट्रल मिडफिल्डरला बॉल किती वेळा मिळतो. मैदान कसलं आहे तेही बघा. खाचखळग्याच्या ग्राउंडवर पहिला टच बिघडला की पोरगा घाबरून बॉल मागायचंच सोडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता कॉन्ट्रॅक्ट. इथे मी जरा जास्त वेळ घेतो कारण मी स्वतः इथेच पोळलोय. मी २४ वर्षांचा असताना एका क्लबकडे होतो, नाव घेत नाही, सही केली तेव्हा मला चार पानं दाखवली आणि माझ्या हातात कॉपी दिलीच नाही, म्हणाले ऑफिसला आहे, कधीही ये. जानेवारीत उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. मग कळलं की ऑपरेशनचा खर्च क्लब करेल असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि पुढचे तीन महिने पगारही आला नाही. वडिलांनी पीएफमधून पैसे काढले. तेव्हापासून माझ्याकडचा कुठलाही पोरगा सही करायच्या आधी आम्ही दोघं, त्याचे आईवडील, असे अमृततुल्यला बसतो आणि कागद ओळीनं ओळ मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचलं की जे कळत नाही तिथे अडखळायला होतं, मग तिथेच पेन्सिलने खूण करायची.

तुम्ही काय बघायचं ते सांगतो. मुदत आधी. फिफाच्या नियमात कॉन्ट्रॅक्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचं असू शकतं, आणि १८ खालच्या खेळाडूचं तीन वर्षांच्या वर नाही. तुमचा मुलगा १९ चा आहे म्हणजे तीन वर्षं नियमात बसतं, पण त्याच्यापुढे "क्लबच्या इच्छेने आणखी एक वर्ष" असं काही वाक्य आहे का ते शोधा. वाढवायचं की नाही हे फक्त क्लब ठरवणार असेल तर तो एकतर्फी मामला झाला, दोघांच्या संमतीने असं करून घ्या. मग लोन, पाठवायचं तर खेळाडूची लेखी संमती आणि त्या काळात पगार कोण देणार. मग दुखापत, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ऑपरेशन, फिजिओ, इन्शुरन्स कोणाच्या नावावर, आणि दुखापतीत असताना पगार चालू राहणार का. पगाराची तारीख लिहिलेली हवी. फिफाच्या नियमांप्रमाणे दोन महिन्यांचा पगार विनाकारण थकला तर खेळाडू लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस वाट बघून कॉन्ट्रॅक्ट सोडू शकतो, आणि देशातल्या देशात अशी तक्रार एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या, प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे जाते. पण त्यासाठी सही-शिक्क्याची कॉपी तुमच्या घरात कपाटात पाहिजे. कॉपी नाही तर सही नाही, यावर अजिबात मागे हटू नका.

लोक फोनवर "एनओसी (ना हरकत पत्र) देऊ की" असं फार सहज म्हणतात. कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू मोकळा असतो, तेव्हा कोणाच्या एनओसीसाठी हात जोडायची गरज नसते. मधेच सोडायचं असेल तेव्हा मात्र क्लबची मर्जी लागते, म्हणून तीन वर्षांच्या सहीला मी इतका जपून बोलतो. दोन वर्षं मागून बघा. मुलगा खरंच हवा असेल तर क्लब बोलायला तयार होतो.

आणि तो मधला माणूस. त्याला एकच विचारा, फिफाचं एजंट लायसन्स आहे का. २०२३ पासून परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं आणि लायसन्स असलेल्यांची नावं फिफाच्या साइटवर बघता येतात. लायसन्सवाला असला तरी खेळाडूबरोबरचा त्याचा करार दोन वर्षांच्या वर असू शकत नाही. तुमच्याकडून "ट्रायलची फी", "रजिस्ट्रेशनचे पैसे" असं काही मागत असेल तर तिथेच थांबा. आठ दिवसांत जागा जाईल ही भीती मी इतक्या वेळा ऐकलीय, पण ज्या क्लबला खरंच मिडफिल्डर हवा असतो तो क्लब कागद वाचायला पंधरा दिवस देतो. आपल्याकडे लग्नाच्या याद्यासुद्धा कोणी आठ दिवसांत करत नाही, मग पोराची तीन वर्षं कशी द्यायची?

पुण्याच्या माणसाला अजून एक गोष्ट वेगळी सांगायला नको खरं तर, की क्लब बंद पडतात. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगला दुसरे आले होते, मामुर्डीला त्यांची अकॅडमी होती, केरळचा आशिक कुरुनियन तिथूनच वर आला. २०१५ मध्ये ती टीम संपली. भारत एफसी एका सीझनमध्ये संपली. डीएसके शिवाजीयन्स दोन सीझन आय-लीग खेळले. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९, बालेवाडीला आपण ओरडून घसा बसवायचो, तीही गेली. प्रत्येक वेळी माझ्या ओळखीतली पोरं ऐन सीझनच्या तोंडावर रस्त्यावर आली. आणि २०२५ च्या जुलैमध्ये तर अख्खी आयएसएलच लटकली, काही क्लबांनी पगार थांबवले, मोठ्या नावाचे खेळाडू घरी बसून होते. मोठा क्लब म्हणजे सुरक्षित हे गणित आपल्याकडे चालत नाही. म्हणून क्लबच्या मालकाचं बाकी काय चालू आहे, मागच्या वर्षी पगार वेळेवर झाले का, हे तिथल्या दोन-तीन खेळाडूंना विचारा. पोरं एकमेकांना खरं सांगतात.

आईचं म्हणणं. मी इथे त्यांच्या बाजूने आहे, पण जरा वेगळ्या पद्धतीने. डिग्री पूर्ण होईपर्यंत थांब म्हणणं म्हणजे २१ व्या वर्षी बाहेर पडणं, आणि फुटबॉलमध्ये तोवर दोन बॅच पुढे निघून जातात. पण डिग्री सोड असं मी कधीच म्हणणार नाही. बी.कॉम. हे असं शिक्षण आहे जे बाहेर राहून होतं. कॉलेजच्या प्राचार्यांना आधी भेटा, स्पोर्ट्सवाल्या मुलांच्या हजेरीबाबत बरीच कॉलेजं समजून घेतात, नाहीच जमलं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. एन्गोलो कान्टे वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, तो १९ वर्षांचा होईपर्यंत पॅरिसजवळ हौशी क्लबमध्ये खेळत होता आणि फुटबॉल खेळता खेळताच त्याने अकाउंटिंगचा डिप्लोमा केला. लेस्टरला पोचला तेव्हा २४ वर्षांचा होता. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा, कारण १९ व्या वर्षी पोरांना वाटतं की आपल्याला उशीर झाला. उशीर झालेला नाही. आणि राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेची सर्टिफिकेटं नीट फाइलला लावा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्याचे निकष वेळोवेळी बदलतात, पण मूळ कागद नसेल तर निकष वाचूनही फायदा नाही.

शरीराबद्दल थोडक्यात. पेड्रीने २०२०-२१ च्या एका सीझनमध्ये बार्सिलोना, स्पेन, युरो आणि टोकियो ऑलिंपिक मिळून ७० च्या वर मॅच खेळल्या, तेव्हा तो १८ वर्षांचा होता, आणि पुढची दोन-तीन वर्षं मांडीच्या स्नायूने त्याला सोडलं नाही. आपल्याकडे इतक्या मॅच कोणाला मिळत नाहीत, पण आपली पोरं वेगळ्या तऱ्हेने तेच करतात. संध्याकाळी क्लबची प्रॅक्टिस झाली की रात्री दहाला बाणेर-कोंढव्याला टर्फवर पाचशे रुपयांसाठी खेळायला जातात. ते टर्फ मिडफिल्डरचा दुहेरी घात करतं. कडक जमिनीने गुडघा-घोटा जातो तो जातोच, वर जाळीवरून बॉल परत येत असल्यामुळे लांबचा पास मारायची, मैदानाच्या दुसऱ्या बाजूला बघायची सवयच मोडते. तुमचा मुलगा जात असेल तर आजपासून बंद करायला सांगा, आणि बंद केल्यावर त्याच्या खिशात ते पाचशे कुठून येणार याचीही सोय करा, नाहीतर तो तुम्हाला न सांगता जाईल.

कोणी सुचवलं असेल तर कोल्हापूरचाही विचार करा, निदान सीझनच्या मधल्या काळासाठी. शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की जे वातावरण असतं ते आपल्या पुण्यात कुठेच नाही. हजारो माणसं कडेला उभी, प्रत्येकाला खेळ कळतो, आणि चुकलास तर चारी बाजूंनी ऐकवतात. १९ वर्षांच्या मिडफिल्डरचं मन तिथे घट्ट होतं. अनिकेत जाधव तिथलाच, पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत आला आणि २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला खेळला.

मग तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं? जेवढं तुम्ही लिहिलंय तेवढ्यावर सांगायचं तर मी आधी आयएसएल क्लबला दोन वर्षांचं आणि लोनच्या कलमासकट कॉन्ट्रॅक्ट मागितलं असतं. दिलं तर घ्या, राइट बॅक सुद्धा वर्षभर शिकू दे. नाही दिलं, म्हणजे तीन वर्षं आणि क्लबच्या मर्जीचं चौथं असंच राहिलं, तर लहान क्लबकडे जा, पण तिथे तो मध्येच खेळणार आणि त्यांचा कोच बॉल जमिनीवर ठेवतो हे बघून. मॅच बघायला एकदा स्वतः जा, रेल्वेने जायला दोन रात्री लागल्या तरी जा. दोन्हीकडे जमत नसेल तर अजून एक सीझन पुण्यात सुपर डिव्हिजन आणि एस.वाय. पूर्ण, त्यात काही बिघडत नाही. त्याचे पूर्ण नव्वद मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा, गोल आणि नटमेगच्या (समोरच्याच्या पायांमधून बॉल काढण्याच्या) तुकड्यांचे नकोत. मिडफिल्डर बघणारा कोच बॉल नसताना पोरगा कुठे उभा आहे तेच बघतो.

आणि या आठवड्यातच एक फोन होऊ दे, रिझर्व्हच्या कोचला. तुम्ही करू नका, एजंटलाही करू देऊ नका, मुलाला करू दे. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. त्याने तीन गोष्टी विचारायच्या, मागच्या सीझनला माझ्या वयाचे मिडफिल्डर किती मिनिटं खेळले, मला राइट बॅक का बघताय, आणि दुसऱ्या वर्षी लोनचं काय. कोच काय उत्तर देतो ते तर कळेलच, पण आपला मुलगा मोठ्या माणसाशी स्वतःच्या खेळाबद्दल कसा बोलतो तेही तुम्हाला तेव्हाच ऐकायला मिळेल. फोन झाला की मला कळवा, आणि कॉन्ट्रॅक्टची पानं पाठवणार असाल तर क्लबचं आणि मुलाचं नाव झाकून पाठवा, मी ओळीनं ओळ वाचून सांगतो.